बुरशी आपल्याच घरातली

२६ एप्रिल २०२१, सोमवार. सकाळी.

जिंकलो. परवा कोविड सेंटरमधून घरी आलो. जीपमधून उतरून स्वतःच्या पायानं उंबरा ओलांडला. नंदानं भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला. ती रडून राह्यल्ती. मी न्हाई रडलो. टेंभुर्णीत माझ्या वयाचे किती जण गेले, आणि बिभीषण बेकरीवाला परत आला. याला काहीतरी कारण असणारच. माझी प्रतिकारशक्ती मुळातच जबर आहे.

डॉक्टर म्हणल्ते, रोज शुगर तपासा आणि लिहून ठेवा. नुसते आकडे लिहिण्यात काय मजा? म्हणून सगळंच लिहायचं. वाचणारा मीच.

ठरवलेलं: गोड बिलकुल बंद. सकाळी शाळेच्या मैदानापर्यंत चालायचं. अक्षय्य तृतीया आणि ईद यंदा एकाच दिवशी आलेत, त्याच्या आत भट्टी पहिल्यासारखी पेटवायची. नंदावर चिडायचं न्हाई.

दुपारी.

चहात गूळ टाकायला लावला. गूळ म्हणजे साखर न्हाई. नंदा काहीतरी पुटपुटली. चिडलो, पण थोडाच.

२८ एप्रिल.

चालणं उद्यापासून. आज ऊन फार.

सेंटरमधून दिलेल्या कार्डावर बारक्या पांढऱ्या गोळ्या लिहिल्यात. कमी कमी करत चार-पाच दिवसांत बंद करा म्हणून. हे काही पटलं न्हाई. मी खाटेला खिळलेला होतो, तिथून ह्याच गोळ्यांनी मला उठवलं. गोळी घेतली की कडाडून भूक लागते, अंगात जोर येतो, शेतातली विहीर एकट्यानं खोदावी वाटते. जी गोष्ट गुण देऊन राह्यली ती बंद कशाला करायची? डॉक्टर लोकांना सगळ्यांसाठी एकच नियम. माणूस बघून नियम पाहिजे.

मेडिकलवाला आपलाच माणूस. डॉक्टरची चिठ्ठी न मागता गोळ्यांचे पत्ते दिले. नंदाला सांगितलं, ताकदीच्या आहेत. खोटं न्हाई ते. ताकद येतेच.

१ मे, शनिवार.

आज भट्टी पेटवली. आमचा कारागीर लॉकडाऊन लागला तसा त्याच्या मुलखाला गेलाय, म्हणून मीच मैदा मळायला बसलो. दम लागला, पण दाखवला न्हाई. मंग नंदानं मळलं. मी लक्ष ठेवलं.

तृप्ती घरीच आहे. जालन्याला बी.एस्सी.ला आहे, कॉलेज बंद म्हणून सगळं मोबाइलवर. पीठ फुगलेलं बघत उभी राह्यली आणि म्हणली, "पप्पा, यीस्ट म्हणजे बुरशीच असती, माहितीये का?"

मला वाटलं, गंमत करून राह्यली. बापजाद्यापासून आम्ही खमीर लावतोय, आणि ती बुरशी? पण तिनं बराबर समजावलं. बारीक जीव असतात, डोळ्याला न दिसणारे. पिठातली साखर खातात, हवा सोडतात, म्हणून पाव फुगतो. जिलबीचं पीठ आंबतं त्यातबी तेच. मला लहानपणी टोचलेलं पेनिसिलिन बुरशीपासून निघालेलं. उकिरड्यावर पावसात छत्र्या उगवतात त्या बुरशीच्याच, आणि शेणाचं खत व्हायला तिचाच हात लागतो. बुरशी नसती तर जगातला सगळा पालापाचोळा आणि मेलेली जनावरं तशीच पडून राह्यली असती म्हणे. मेलेलं खाऊन टाकणं हेच तिचं काम.

मला फार बरं वाटलं. म्हणजे आमच्या तीन पिढ्या बुरशीच्या जिवावर जगल्या. बुरशीनंच हे घर बांधलं आणि बुरशीनंच तृप्तीला शिकवलं. घरातलीच आहे म्हणा ना.

५ मे.

नंदा मागं लागली म्हणून शुगर तपासली. मशीननं आकडाच दाखवला न्हाई. इंग्रजीत नुसतं HI आलं. मला वाटलं, नमस्कार करून राह्यलं. तृप्ती म्हणली, "पप्पा, मशीनला मोजता येत न्हाई इतकी वाढली की हाय दाखवतं." एवढी शुगर असती तर मी पडलो नसतो का? मी तर दोन ताटं जेवतोय. मशीन बिघडलं. चीनचा माल.

मशीन कपाटावर ठेवून दिलं.

६ मे, गुरुवार.

आज थोडं अपमानाचं झालं, पण मी सावरलं.

पलीकडच्या गल्लीतल्या गोपिकाबाई ब्रेडचा पुडा परत घेऊन आल्या. माझ्याच हातचा. "भाऊ, ह्याला बुरा आलाय बगा," म्हणल्या. पुडा गरम गरमच पॅक केल्ता, घाईत. प्लॅस्टिकला आतून घाम आल्ता. स्लाइसवर कापसासारखं पांढरं, आणि त्यावर काळे ठिपके. दुकानावर आणखी माणसं होती. माघार घेतली असती तर बेकरीचं नाव गेलं असतं. म्हणून मी चाकूनं वरचं खरवडलं आणि उरलेला स्लाइस सगळ्यांसमोर खाऊन दाखवला.

गोपिकाबाई तोंडाला पदर लावून बघत राह्यल्या.

तृप्ती आतून आली आणि पुडा उचलून चुलीत टाकला. नंतर म्हणली, वरचं खरवडून काही होत न्हाई, तिचे धागे मुळ्यांसारखे आतपर्यंत गेलेले असतात. काळा ठिपका दिसतो तेव्हा ती आत केव्हाच पसरलेली असती. त्या ठिपक्यांत बी असतं, ते हवेत उडतं, सगळीकडं असतं, आपल्या श्वासातबी.

मंग काय झालं? घरातलीच आहे.

८ मे.

डावं नाक बंद. भट्टीची काजळी. शिंकरलं तर काळपट निघालं. बराबर आहे, काजळी काळीच असते.

चालणं सोमवारपासून.

९ मे, रविवार.

वरची दाढ ठणकून राह्यली. गाल बधिर, दाढीचा ब्रश फिरवला तर दुसऱ्या कोणाच्या तोंडावर फिरवल्यासारखं वाटलं. लवंगेचं तेल लावलं. दाताचे डॉक्टर बंद आहेत, त्याला मी काय करणार? गोळी एकाच्या जागी दोन घेतल्या. ठणका कमी झाला. बघा, गोळीत गुण आहे.

११ मे.

सकाळी ट्रे काढला तर पाव दुप्पट दिसले. मला आनंदच झाला. मंग नंदाबी दोन दिसली. थकवा आहे. कोरोनानंतर येतो म्हणतात.

डावी पापणी जड झालीये. झोप कमी पडून राह्यली.

१२ मे.

तृप्ती मोबाइल घेऊन समोर बसली. काळ्या बुरशीची बातमी होती. कोरोनातून उठलेल्या शुगरवाल्यांना होऊन राह्यली, नाकातून शिरते, गाल, डोळा, मेंदूपर्यंत जाते. तिनं वाचलं आणि माझ्याकडं बघितलं. "पप्पा, ब्रेडवर आल्ती ना, त्याच जातीतली आहे ही. आपण उद्याच जालन्याला जाऊ."

मी तिला झापलं. बातम्या बघून आजार शोधायचे न्हाईत म्हणलं. बुरशी शिळ्या पावावर येते, मेलेल्या गोष्टीवर येते, असं तूच म्हणली होतीस. मी काय मेलोय?

ती उठून गेली. भट्टीपाशी तिचा आवाज येत होता, नंदाशी बोलून राह्यल्ती. मोठी माणसं बोलतात तसा आवाज. कधी शिकली कोण जाणे.

१४ मे, शुक्रवार. अक्षय्य तृतीया, ईद.

सकाळी खारी आणि टोस्ट घेऊन गिऱ्हाईकांच्या दारावर जायचं ठरवल्तं. गर्दी नको म्हणून दुकान अकरालाच बंद करावं लागतं.

गेलो न्हाई. गाल टम्म फुगलाय, डोळा उघडत न्हाई. नंदानं पुरणपोळी केली होती. खाताना दाढ हलली. दुखली न्हाई, नुसती हलली, दार हलावं तशी.

नंदा आरशात बघू देईना. मी म्हणलं, मधमाशी चावली असंल. ती माझ्याकडं बघून राह्यली. "पाया पडते," म्हणली. "उद्या चला."

सणाच्या दिवशी बायकोनं पाया पडते म्हणावं हे मला आवडलं न्हाई. तिचं मन राखायला जाऊन येतो.

१६ मे. औरंगाबाद.

जालन्याच्या डॉक्टरनं टॉर्च लावून तोंडात बघितलं आणि जास्त न बोलता औरंगाबादला पाठवलं. जालन्यात माझ्यावर इलाज करणं शक्य नसंल, केस इंटरेस्टिंग असंल.

इथं वॉर्डात सगळे माझ्यासारखे. कोणाचा गाल, कोणाचा डोळा. मी नंदाला म्हणलं, ह्या लोकांनी काळजी घेतली न्हाई बघ.

१७ मे.

डॉक्टर साधना मॅडम, नाक-कान-घशाच्या. माझ्या तृप्तीपेक्षा फार तर दहा वर्षं मोठ्या. नाकात दुर्बीण घातली. स्क्रीनवर मला माझं नाक आतून दिसलं. आत काळं, जळल्यासारखं.

विचारलं, "स्टेरॉइडच्या गोळ्या किती दिवस घेतल्या?"

"कार्डावर होत्या तेवढ्याच," म्हणलं.

नंदानं पिशवी उघडली. रिकामे पत्ते काढून टेबलावर ठेवले, एकावर एक. मला वाटल्तं, मी ते भट्टीत टाकले होते. "एवढ्या खाल्ल्यात ह्यांनी मॅडम," ती म्हणली. "मला सांगत होते, ताकदीच्या आहेत."

चारचौघांत नवऱ्याला खोटं पाडायची ही काय पद्धत?

मॅडम ओरडल्या न्हाईत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणल्या, ही बुरशी हवेतच असते, सगळ्यांच्या नाकात जाते. धडधाकट माणसाचं शरीर तिला दारातच मारून टाकतं. तुम्ही रक्तात साखर वाढवली आणि राखणदाराला झोपेचं औषध पाजलं. मग ती घरात शिरणारच.

मी विचारलं, "मॅडम, मी बुरशी आलेला ब्रेड खाल्ला होता. त्यानं झालं असंल ना?"

"त्यानं न्हाई झालं," म्हणल्या.

त्या घाईत होत्या. पूर्ण विचार केला नसंल. मला तर ब्रेडचंच वाटतं. म्हणजे हे कामावर असताना झालं. शिपायाला सीमेवर गोळी लागावी तसं.

१९ मे. सकाळी.

ऑपरेशन. आतली सडलेली जागा साफ करणार. सहीच्या कागदावर वरचा जबडा आणि डोळा असं दोन्ही लिहिलंय. मॅडम म्हणल्या, डोळा वाचवायचा प्रयत्न करू, पण बुरशी डोळ्यामागं गेली असेल तर तिला मेंदूपर्यंत जाऊ देता येणार न्हाई.

कागदावर सगळंच लिहितात. लिहावं लागतं त्यांना.

सही केली. नंदाचाबी अंगठा... न्हाई, तिनं सही केली. मला वाटायचं तिला सही येत न्हाई. कधी शिकली विचारलं तर म्हणली, तृप्ती पाचवीला होती तेव्हा.

२४ मे.

लिहायला आजच जमलं. अक्षर वाकडं येऊन राह्यलं. पट्टी मोठी आहे, अर्धं डोकं झाकलंय. डाव्या डोळ्यानं दिसत न्हाई, पट्टीमुळं. पट्टी निघाली की दिसंल.

नाकातून नळी टाकलीये, त्यातून पातळ देतात. वरच्या डाव्या बाजूचं टाळू काढलंय म्हणे. जीभ वर लावली की काही लागत न्हाई. खोली मोठी झाल्यासारखं वाटतं.

बोलायला गेलो तर नाकातून हवा आली. नंदाला पाणी म्हणलं, तिनं चादर दिली.

२७ मे.

त्या बुरशीचं इंजेक्शन मिळून राह्यलं न्हाई. कुठंच न्हाई. तृप्ती सकाळपासून रांगेत उभी राहते, कधी मिळतं, कधी रिकाम्या हातानं परत येते. मिळालं की थंडी वाजून येते, दात वाजतात, जेवढे राह्यलेत तेवढे. नंदा दोन्ही पाय धरून बसते.

आज तृप्ती येताना दारात थांबली आणि तोंड धुऊन मंग आत आली. मला वाटलं, ऊन लागलं असंल.

३० मे, रविवार.

शेजारच्या खाटेवर कल्याण म्हणून आहे, अंतरवाली सराटीचा. माझ्यापेक्षा तरणा. कापूस आणि सोयाबीनवाला. त्याचा उजवा डोळा काढलाय. भारी माणूस. मला म्हणला, "तुमचा डावा गेला, माझा उजवा. दोघं मिळून एक माणूस होतोय. चला, बीडला जाऊन येऊ."

मी म्हणलं, माझा गेलेला न्हाई, पट्टी आहे.

त्यानं माझ्या पट्टीकडं बघितलं. मंग म्हणला, "हां, बराबर, पट्टी आहे." आणि त्याच्या बायकोकडं, सत्यशीलाकडं बघून डोळ्यानं खूण केली. एका डोळ्यानं खूण आणि डोळा मारणं, दोन्ही सारखंच दिसतं.

२ जून.

पट्टी बदलली. मॅडमनं नंदाला बाहेर जायला सांगितलं. नंदा गेली न्हाई.

४ जून.

दोन दिवस लिहिलं न्हाई. लिहिण्यासारखं काही न्हाई.

डोळा त्यांनी काढलाय. साफ केला न्हाई, काढला. ऑपरेशनच्याच दिवशी. नंदाला माहिती होतं, तृप्तीला माहिती होतं, कल्याणला माहिती होतं, झाडूवालीलाबी माहिती होतं. त्या जागी मांडीची कातडी लावलीये.

मी नंदाला विचारलं, मला का सांगितलं न्हाई. तिला कळलं न्हाई मी काय म्हणलो ते. पुन्हा म्हणलो. पुन्हा कळलं न्हाई. मंग कागदावर लिहिलं. तिनं वाचलं आणि म्हणली, "सांगितल्तं. तुम्ही शुद्धीवर आले त्याच दिवशी सांगितल्तं. तुम्ही हो म्हणले."

मला आठवत न्हाई.

८ जून.

तृप्तीला गावाकडं पाठवलं. भट्टी बंद ठेवून चालणार न्हाई, गिऱ्हाईक तुटतं. तिला कागदावर सगळं लिहून दिलं: मैदा किती, खमीर किती, पाव गार झाल्याशिवाय पॅक करायचा न्हाई. शेवटचं तिनं न वाचता घडी घातली. तिला ते आधीच माहीत असावं.

तिला एकटीला जमणार न्हाई. पण मी येईपर्यंत कसंतरी रेटील.

१३ जून, रविवार.

कल्याणला सकाळी हलवलं. मी डोळा उघडला तर खाटेवर नवी चादर. बरा झाला असणार, घरी सोडलं असंल. काल रात्रभर त्याला ताप होता, बडबडत होता, पण ताप उतरला की माणूस एकदम मोकळा होतो. पेरणीचे दिवस आहेत, घाई असणारच त्याला.

सत्यशीला न भेटताच गेली. तिचा स्टीलचा डबा खाटेखाली राह्यला. नंदाला खुणेनं सांगितलं, फोन करून कळव. नंदानं डबा नळावर नेऊन धुतला, पुसला, आणि मांडीवर घेऊन बसली.

मी पुन्हा खूण केली, फोन कर.

"करते," म्हणली. केला न्हाई.

दुपारी त्या खाटेवर दुसरा पेशंट आला. त्याचा गाल सुजलेला होता. नंदाला म्हणत होता, दाढ दुखतेय फक्त.

२ जुलै, शुक्रवार. टेंभुर्णी.

घरी. दाताच्या डॉक्टरनं टाळूच्या भोकावर बसणारी प्लास्टिकची प्लेट करून दिलीये. ती बसवली की खाता येतं, काढली की पाणी नाकातून. बोलणं सुधारंल म्हणलेत. मला माझं बोलणं स्पष्टच ऐकू येतं. समोरचे लक्ष देत न्हाईत.

नंदानं ओवाळलं न्हाई या वेळी. विसरली. पाण्याचा तांब्या मात्र दिला.

भट्टी चालू आहे. तृप्तीनं एकटीनं चालवली. पुडे गार करून पॅक करते, त्यावर तारीख घालते. मी म्हणलं, तारीख कशाला, लोक घेणार न्हाईत. तिला कळलं न्हाई किंवा कळून तिनं दुसरीकडं बघितलं.

शुगर नंदा तपासते. इन्सुलिन तीच टोचते. मशीन आता आकडे दाखवतं.

२० जुलै.

गल्ल्यावर बसायचा प्रयत्न केला. गिऱ्हाईक येतात, माझ्याशी बोलतात आणि उत्तरासाठी तृप्तीकडं बघतात. मास्क लावून बसलो तरी काळा चष्मा घाला म्हणली नंदा. घातला. चष्म्याच्या आत एका बाजूला खड्डा आणि एका बाजूला अंधार, मंग दुकान दिसणार कसं? आत जाऊन पाव मोजत बसलो.

१ ऑगस्ट, रविवार.

मोठा विचार सुचला.

गावाला बुरशीबद्दल काही माहिती न्हाई. लोक अजून घाबरून आहेत, काहीही बोलतात. आणि टेंभुर्णीत बुरशीचा माझ्याएवढा अनुभव कोणाला? बेकरीचा आणि ह्याचा, दोन्ही बाजूंचा. पंधरा ऑगस्टला झेंडावंदनानंतर मी भाषण करणार. विषय: बुरशी, शत्रू की मित्र. खमीर, पेनिसिलिन, खत, आणि मंग काळी बुरशी. शेवटी प्रश्न विचारायला वेळ.

सरपंचांना चिठ्ठी पाठवली. "बघू" असा निरोप आला. म्हणजे हो.

५ ऑगस्ट.

भाषण लिहून झालं. कारणांमध्ये शिळा ब्रेड, भट्टीची काजळी आणि सेंटरमधल्या ऑक्सिजनच्या बाटलीतलं पाणी, असं तीन लिहिलं. गोळ्यांचा मुद्दा घेतला न्हाई. वेळ पुरणार न्हाई. आणि लोकांना उगाच औषधाची भीती बसते.

रोज भट्टीमागं उभा राहून वाचतो. आवाज चांगला लागतो. नंदा मैदा चाळताना थांबते, ऐकते, मंग चाळायला लागते.

१४ ऑगस्ट, शनिवार.

गोपिकाबाई पाव घ्यायला आल्या. आता रोज येतात. म्हणलं, आधी एका माणसावर प्रयोग करून बघू. त्यांना बसवलं आणि भाषणाची सुरुवात म्हणून दाखवली.

त्यांनी नीट ऐकलं. मंग तृप्तीला विचारलं, "काय म्हणतेत गं भाऊ?"

तृप्ती पुडे बांधून राह्यल्ती. तिनं वर न बघता सांगितलं, "बुरशीची माहिती सांगून राह्यलेत आत्या."

"ते व्हय?" गोपिकाबाई माझ्याकडं वळल्या. "ते तर पोरीनं जूनमधीच सांगितलं न्हाई का भाऊ. आशाताईसंगं घरोघर फिरली. माझ्याकडं बी होत्या तसल्याच गोळ्या, मेडिकलवाल्यानं दिलेल्या. तुमचं ऐकलं अन् दिल्या टाकून."

मी विचारलं, माझं काय ऐकलं? तृप्तीनं ते त्यांना पुन्हा सांगितलं. सांगायला जरा वेळ घेतला तिनं.

"हेच की," गोपिकाबाई म्हणल्या, "मनानं गोळ्या खाल्ल्या, डाक्टरला खोटं सांगितलं, घरच्यांचं ऐकलं न्हाई, अन् डोळा गेला. गावात कोणाला म्हाईत न्हाई? माझी सून तर पोरांना बी तेच सांगती." त्यांनी हे टोचून म्हणलं न्हाई. पाऊस कधी पडला ते सांगावं तसं सांगितलं. जाताना माझ्या हातावर हात ठेवला. "तुमच्यामुळं वाचले म्हणा ना मी."

त्या गेल्यावर मी तृप्तीसमोर जाऊन उभा राह्यलो. गावभर बापाचं नाव करून आलीस का, असं म्हणलो. एवढं वाक्य तिला बराबर कळलं.

तिनं पुडा खाली ठेवला. "मंग काय सांगू पप्पा? ब्रेड खाऊन झालं म्हणू?" म्हणली. "तुम्ही तिकडं होतात, आणि इथं ह्या गल्लीतच तीन घरांत त्या गोळ्या सापडल्या मला." मंग रडली. औरंगाबादला एवढे दिवस रांगेत उभी राह्यली, तेव्हा माझ्यासमोर रडली नव्हती. नंदा आतून आली आणि तिला जवळ घेतलं. माझ्याकडं कोणी बघितलं न्हाई. मी पुडे बांधत राह्यलो. गाठ नीट बसत न्हाई, एका डोळ्यानं अंतर कळत न्हाई.

१५ ऑगस्ट, रविवार. दुपारी.

झेंडावंदनाला गेलो. भाषण खिशात होतं. सरपंचांनी माझं नाव पुकारलं न्हाई, तृप्तीचं पुकारलं. शाल, श्रीफळ दिलं, आशाताईलाबी दिलं. दोन शब्द बोल म्हणले.

ती चांगली बोलली. खमिरापासून सुरुवात केली. पावात असती, औषधात असती, खतात असती, तिच्यावर रागवायचं न्हाई, ती आपलं काम करती, असं म्हणली. मंग गोळ्यांचं सांगितलं. शुगरचं सांगितलं. काही लपवलं न्हाई. फक्त माझं नाव घेतलं न्हाई. "एक पेशंट होते," एवढंच म्हणली.

सगळ्या गावानं मागं वळून माझ्याकडं बघितलं.

मी मान हलवली. हो म्हणून.